आपली गणती आपल्या हाती



कागद घेऊन दारात येणारं माणूस आपल्याला नवं नाही. घरात माणसं किती, शिकलेली किती, संडास आहे का, स्वयंपाक चुलीवर की गॅसवर, जनावरं किती, जमीन किती. हातातलं काम बाजूला ठेवून आपण उत्तरं देतो. कागद भरला की ते माणूस पुढच्या घरी जातं. त्या कागदाचं पुढे काय झालं, ते आपल्याला कुणी सांगायला येत नाही आणि आपणही विचारायला जात नाही.

आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहोत, त्यांनी हा कागदच आपल्या हातात घेतला. ही हकीकत आपल्या मुलखातली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचं राज्य आहे, तिथल्या अटलांटा शहरातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. कापूस पिकवणारा मुलूख, उन्हात राबणारी माणसं आणि डोक्यावर जातीसारखाच जन्माने चिकटलेला रंगाचा भेद. त्यामुळे ऐकताना बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

विषय आहे समाजशास्त्राच्या शिक्षणाचा. नाव जड आहे, पण काम सोपं सांगता येतं. माणसं एकत्र कशी राहतात, कुणाला काय मिळतं, कुणाला का मिळत नाही, हे ऐकीव गोष्टींवर न सोडता पाहून, विचारून आणि मोजून समजून घ्यायचं, ते समाजशास्त्र.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे काय, तर अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर आली. जमीन नाही, घर नाही आणि अक्षर तर नाहीच, कारण दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. अशा वेळी उत्तरेकडून काही ख्रिस्ती शिक्षक आणि शिक्षिका शाळा काढायला आल्या. ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ ही त्यांची संस्था १८४६ साली गुलामगिरीच्या विरोधातून निघाली होती.

या संस्थेची एक बाजू आपल्या नगर जिल्ह्याशी लागून आहे. अहमदनगरला १८३१ पासून जे अमेरिकन मिशन काम करत होतं, ते ‘अमेरिकन बोर्ड’ नावाच्या जुन्या मिशनरी मंडळाचं. गुलामांच्या मालकांकडून देणगी घ्यायची की नाही, गुलामगिरीविरुद्ध उघड बोलायचं की नाही, यावरून त्या काळी ख्रिस्ती लोकांत मोठा वाद झाला. जुनी मंडळं ठाम बोलत नाहीत म्हणून चिडलेल्यांनी ही नवी संस्था काढली. म्हणजे धर्म एक, पुस्तक एक, पण माणसाला विकणाऱ्याचा पैसा चालतो की नाही, यावर घर फुटलं.

याच संस्थेने १८६५ साली अटलांटात जे काम सुरू केलं, त्यातून अटलांटा विद्यापीठ उभं राहिलं. गुलामांची मुलं आणि मुली तिथे एका छताखाली शिकू लागल्या. रोज प्रार्थना, बायबल, कडक शिस्त आणि त्याबरोबर गणित, इतिहास, भाषा. १८७३ साली पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. त्यात ल्युसी क्राफ्ट लेनी नावाची मुलगी होती. तिचे वडील आधी गुलाम होते, सुतारकाम करून त्यांनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. ल्युसीबाईंनी पुढे ऑगस्टा गावात चर्चच्या तळघरात मूठभर मुलं घेऊन शाळा सुरू केली आणि ती राज्यातली नावाजलेली शाळा झाली. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं. गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. जोतीराव आणि ल्युसीबाई यांना एकमेकांचं नावही ठाऊक नसणार, पण दोघंही एकाच कामाला लागले होते.

विद्यापीठात शिकवणारे बरेच शिक्षक गोरे होते आणि त्यांची मुलं याच वर्गांत कृष्णवर्णीय मुलांच्या शेजारी बसत. ही गोष्ट राज्य सरकारला खुपली. १८८७ साली सरकारने सांगितलं की गोरी मुलं वर्गातून काढा, नाहीतर वर्षाचं ८,००० डॉलरचं अनुदान बंद. विद्यापीठाने मुलं काढली नाहीत. अनुदान गेलं. पुढे पैशाची ओढाताण कायम राहिली.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन नावाच्या एका विमा कंपनीच्या आकडेतज्ज्ञाने जाडजूड पुस्तक लिहिलं. कृष्णवर्णीय लोक गोऱ्यांपेक्षा जास्त मरतात, याचे तक्ते त्याने मांडले आणि निष्कर्ष काढला की या लोकांचा वंशच कमजोर आहे, हे लोक हळूहळू संपणार. मग त्यांचा विमा कशाला उतरवायचा आणि त्यांच्या वस्तीत सुधारणांवर खर्च तरी कशाला करायचा? माणसं जास्त मरत होती हे खरं होतं. पण ती का मरत होती, हे त्या तक्त्यांनी विचारलंच नव्हतं. वस्तीत पाणी कसलं, गटार आहे का, आई किती वाजता कामावर जाते आणि तान्हं पोर कुणाजवळ असतं, हे आकडेतज्ज्ञाला ठाऊक नव्हतं. ते ज्यांना ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारत नव्हतं.

त्याच वर्षी अटलांटा विद्यापीठाने शहरात राहणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीवर परिषद भरवायला सुरुवात केली. पहिला विषय होता मृत्यूचं प्रमाण. पद्धत अशी की विद्यापीठातून आणि त्याच्यासारख्या इतर शाळांतून शिकून गेलेली माणसं गावोगावी शिक्षक, पाद्री, डॉक्टर म्हणून राहत होती. त्यांना छापील फॉर्म पाठवायचे. त्यांनी आपल्या ओळखीच्या वस्तीत घरोघरी जाऊन ते भरायचे. मोबदला काही नाही. दुसऱ्या वर्षी १८ शहरांतल्या ११०० हून अधिक कुटुंबांची माहिती अशी गोळा झाली. फॉर्म भरणारं माणूस आपल्याच लोकांतलं असलं की उत्तर वेगळं मिळतं, हे आपल्याला सांगायला नको. परक्यासमोर आपण भाकरीचा डबा भरलेला आहे म्हणतो. शेजारणीला खरं सांगतो.

१८९७ च्या परिषदेत बायकांची वेगळी बैठक झाली आणि ल्युसीबाई लेनी तिथे बोलल्या. त्या बैठकीत जे विषय निघाले, ते आजही आपल्या बैठकीत निघतात. आई मजुरीला जाते आणि पोरं दिवसभर उघड्यावर राहतात. मग पाळणाघरं हवीत, बालवाड्या हव्यात, आयांच्या बैठका हव्यात. या परिषदांतल्या चर्चेतूनच पुढे १९०५ साली अटलांटात गरीब मुलांसाठी मोफत बालवाड्या चालवणारी संस्था बायकांनी उभी केली. आधी मोजलं, मग बोलल्या, मग उभं केलं, असा तो क्रम होता.

त्याच १८९७ साली विद्यापीठाने समाजशास्त्र शिकवायला डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या तरुणाला बोलावलं. वय तिशीच्या आत. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस. अटलांटाला येण्याआधी त्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या एका वॉर्डात एकट्याने दारोदार फिरून सुमारे २,५०० घरांची पाहणी केली होती. ज्या विद्यापीठासाठी हे काम केलं, त्याने त्यांना धड प्राध्यापकाचं पदही दिलं नव्हतं. अटलांटाच्या गरीब ख्रिस्ती विद्यापीठाने मात्र त्यांना वर्ग दिला आणि परिषदेची सगळी जबाबदारी दिली.

इथे एक अडचण होती. डुबॉइस चर्चच्या चाकोरीतले नव्हते. आधी ते ओहायोतल्या दुसऱ्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकवायचे. तिथे एकदा भर सभेत जाहीर झालं की आता प्राध्यापक डुबॉइस प्रार्थना सांगतील. ते तिथल्या तिथे नाही म्हणाले. अशा माणसाला अटलांटाने घ्यावं का, यावर कुरबुर झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष होरेस बमस्टेड मागे हटले नाहीत. शेवटी मधला मार्ग निघाला. डुबॉइस छापील प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना वाचतील, असं ठरलं. आम्हाला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. धर्माने शाळा काढली, पण शाळेत येणारं ज्ञान धर्माच्या परवानगीपुरतं ठेवलं नाही. १९०३ सालच्या परिषदेचा विषय तर कृष्णवर्णीयांची चर्चच होती. ज्या देवळात आपण रोज बसतो, त्याचीही नीट पाहणी करायची, ही हिंमत त्या अभ्यासाने दिली.

दरवर्षी एक विषय घ्यायचा आणि खोलात जायचं, असं डुबॉइस यांनी लावून दिलं. धंदा, पदवीधर, शाळा, कारागीर, आरोग्य, सहकार, कुटुंब. विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की शहर हीच आपली प्रयोगशाळा. १९०० साली पॅरिसला जगाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले सुमारे ६० तक्ते तिथे लावले. एका तक्त्यात जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन दाखवली होती. १८७४ साली साडेतीन लाख एकरांच्या आत असलेली जमीन २५ वर्षांत दहा लाख एकरांच्या वर गेली होती. जे लोक ३५ वर्षांपूर्वी स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होते, त्यांनी पै पै साठवून ही जमीन घेतली होती. वंश कमजोर म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर कोणतं असणार? या कामासाठी डुबॉइस यांना प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं.

आरोग्याच्या प्रश्नावरही हळूहळू समज वाढली. पहिल्या एक-दोन अहवालांत उपदेशाचा सूर बराच होता. स्वच्छता पाळा, पोरांकडे लक्ष द्या, अज्ञान सोडा. शिकलेल्या माणसाला गरिबाला उपदेश करायचा मोह होतोच. पण १९०६ साली परिषदेने पुन्हा आरोग्याचा विषय घेतला, तेव्हा आकडे जास्त नीट लावले होते. निष्कर्ष निघाला की वंश कमजोर असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. राहण्याची जागा, शिक्षण आणि कमाई सुधारली तर मृत्यूही कमी होतील. म्हणजे दोष आईच्या माथी मारून मोकळं होता येणार नव्हतं. पाणी, गटार, मजुरी यांबद्दल बोलावं लागणार होतं.

पण मैत्रिणींनो, खरा आकडा समोर ठेवला की सगळे शहाणे होतात, असं मात्र घडलं नाही. १८९९ साली जॉर्जियात सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने हालहाल करून जाळलं. डुबॉइस या प्रकरणावर शांतपणे लिहिलेलं पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळलं की होजच्या बोटांची हाडं एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते मागे फिरले. माणसं जिवंत जाळली जात असताना केवळ अभ्यासक म्हणून बसता येत नाही, हे त्या दिवशी लक्षात आल्याचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. १९०६ साली अटलांटातच मोठी दंगल झाली आणि अनेक कृष्णवर्णीय मारले गेले. त्या वेळी डुबॉइस अलाबामा राज्यातल्या एका शेतीच्या तालुक्यात सरकारच्या मजूर खात्यासाठी कुळांची पाहणी करत होते. मालक कुळाला कसा नाडतो, हिशेब कसा ठेवतो, हे त्यात होतं. तो अहवाल सरकारने छापला नाही आणि पुढे तो नष्ट केल्याचं सांगितलं. १९१० मध्ये डुबॉइस विद्यापीठ सोडून हक्कांच्या चळवळीत गेले.

मग ही मोजणी वाया गेली का? तसं म्हणता येणार नाही, कारण तोवर ती विद्या दुसऱ्या हातांत गेली होती. ते हात बायकांचे होते.

लुजिनिया बर्न्स होप या अटलांटातल्याच दुसऱ्या ख्रिस्ती कॉलेजच्या प्राचार्यांच्या पत्नी. १९०८ सालची गोष्ट. त्यांच्या वस्तीत नव्याने राहायला आलेली एक तरुण बाई आजारी पडली आणि शेजाऱ्यांना काही कळायच्या आत गेली. ती कुणाशी बोलत नाही, मिसळत नाही, म्हणून कुणी तिच्या दारात गेलंच नव्हतं. या मृत्यूने लुजिनियाबाई अस्वस्थ झाल्या. त्यांनी आसपासच्या बायका गोळा केल्या आणि ‘नेबरहुड युनियन’ म्हणजे शेजार संघ काढला. पुढे शहराचे भाग पाडले. प्रत्येक भागाची जबाबदारी तिथल्याच बायकांकडे दिली. घरोघरी जाऊन नोंद करायची की आजारी कोण, शाळेबाहेर कोण, रस्ता कुठे फुटलाय, दिवा कुठे नाही. कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी मुलं या कामात मदतीला असायची. कॉलेजची विद्या आणि गल्लीतल्या बाईची माहिती एका वहीत आली.

१९१३ साली या बायकांनी शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या सगळ्या शाळांची पाहणी केली. वर्गात मुलं किती, बसायला जागा किती, उजेड किती, संडास कसे. दिसलं असं की जागाच नसल्याने एकच शिक्षिका सकाळी एक तुकडी आणि दुपारी दुसरी तुकडी शिकवते. पाहणीचा कागद घेऊन त्या शाळा मंडळाकडे गेल्या, गोऱ्या बायकांच्या संस्थांकडे गेल्या, वर्तमानपत्रांकडे गेल्या. लगेच सगळं मिळालं नाही. शिक्षकांचे पगार थोडे वाढले, एका भागात शाळेची तात्पुरती इमारत मिळाली. मोठी मागणी होती हायस्कूलची. अटलांटात कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही सरकारी हायस्कूल नव्हतं. १९१९ साली शहराने शाळांसाठी कर्ज काढायचं म्हणून मतदान घेतलं, तेव्हा आमच्या मुलांसाठी त्यात काही नाही म्हणून कृष्णवर्णीय मतदारांनी ते हाणून पाडलं. १९२१ साली त्यांचा वाटा मान्य झाल्यावरच कर्ज मंजूर झालं. १९२४ साली बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल उघडलं. १९१३ च्या पाहणीपासून मोजलं तर ११ वर्षं लागली.

१९२० साली अटलांटात समाजकार्याची वेगळी शाळा निघाली. तिथे शिकवणाऱ्यांत लुजिनियाबाईही होत्या. ज्या बाईने गल्लीत फिरून काम केलं, ती वर्गात शिकवायला उभी राहिली. पुढे ती शाळा अटलांटा विद्यापीठाचाच भाग झाली.

आपल्याकडेही अशी वाट एका ख्रिस्ती मिशनच्या अंगणातूनच निघाली. त्याच अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत नागपाड्याच्या गिरणी आणि गोदी कामगारांच्या वस्तीत ‘नेबरहुड हाउस’ काढलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्याच पुढाकाराने, टाटांच्या विश्वस्त निधीतून, १९३६ साली देशातली समाजकार्याची पहिली शाळा तिथे सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आणि १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे जो अर्ज ठेवला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडता येईल का, याचा ते विचार करत होते. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. फुल्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेकडे पाहिलं होतं, ७३ वर्षांनी बाबासाहेबांनी पाहिलं. दोघांनाही तिथून हवं होतं ते एकच, आपल्या माणसांचं दुःख जगासमोर पुराव्यानिशी कसं ठेवायचं.

आता आपल्या गटाकडे येऊ. आपल्याकडे वही आहे. बचतीचा पैसा पैशाला जुळवून लिहिण्याची सवय आहे. त्या वहीची मागची दहा पानं एका प्रश्नासाठी ठेवता येतील. सगळे प्रश्न एकदम घेऊ नका, अटलांटात दरवर्षी एकच घेत. समजा, पाणी घेतलं. प्रत्येक घरातली बाई रोज किती खेपा करते, किती वेळ जातो, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, आणि शाळेतली मुलगी त्यासाठी किती दिवस घरी राहते. गटातल्या बाईने आपल्याच आळीत फिरायचं. वस्तीच्या टोकाला जी बाई कुणाशी बोलत नाही, तिच्या दारात आधी जायचं. घराचं नाव उघड करायचं नाही, फक्त बेरीज सांगायची. आणि जे लिहिलं, ते ज्यांनी सांगितलं त्यांनाच आधी वाचून दाखवायचं. मग तो कागद ग्रामसभेत ठेवायचा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का, ते पाहूनच उठायचं.

अटलांटाच्या बायकांचा पहिला कागद पुरला नव्हता. म्हणून पुढच्या ग्रामसभेलाही वही बरोबर घ्या. आपल्या आळीत काय मोजलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते तुमच्याच आवाजात ऐकवू.